ऑपरेशन पायासाठी आहे, पाठीसाठी नाही

प्रिय मुली,

एमआरआय आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही नीट पाहिलं. कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी, म्हणजे डिस्क, डावीकडे फुटून बाहेर आली आहे आणि पायात उतरणाऱ्या नसेवर बसली आहे. म्हणून तुला पोटरीतून करंगळीपर्यंत कळ जाते आणि डाव्या चवड्यावर उभं राहता येत नाही. एरवी ऑपरेशनला मी पटकन हो म्हणणाऱ्यातली नाही. गादी सरकलेल्या बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत चाकू न लागता उतरतं, बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच जिरवतं. तुझ्या बाबतीत तेवढा वेळ देऊन झाला, गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, आणि पायातली ताकद उलट कमीच होते आहे. तेव्हा घाई झाली असं मनात आणू नकोस.

एक गोष्ट मात्र आधी पक्की समजून घे. हे ऑपरेशन पायासाठी आहे, पाठीसाठी नाही. सर्जन नसेवरचा दाब काढणार, झिजलेली गादी नवी करणार नाही. पायाची कळ बहुतेकदा भूल उतरतानाच कमी झालेली कळते. कंबर मात्र पुढेही अधूनमधून कुरकुरणार. "एवढे पैसे घातले, तरी कंबर दुखतेच," असं म्हणणारे पेशंट मी रुग्णालयातल्या नोकरीभर ऐकले. त्यांना विचारावं, "आणि पाय?" तर म्हणतात, "पाय काय, पाय बरा आहे की!" म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालेलं असतं, फक्त त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

बाबांची भीती मला आईकडून कळली. मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. त्यांना एवढंच सांग: मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली सुट्या नसा असतात. तुझं ऑपरेशन पाचव्या मणक्याच्या खाली आहे. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. त्या एका नसेला इजा होऊ शकते, नसांवरचं आवरण फाटून आतलं पाणी गळू शकतं, जखमेत पू होऊ शकतो, आणि शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची तीच गादी पुढे पुन्हा सरकते. हे सगळं सर्जनला तोंडावर विचार, बाबांना शेजारी बसवून विचार. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली पहिल्यांदा लिहून दाखवलं की पायाची ही कळ फुटलेल्या गादीमुळे येते आणि तुकडा काढला की जाते. तेव्हा पाठ बरीच उघडावी लागे. आता सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून काम होतं.

आत्यांनी लग्नाचा आणि बाळंतपणाचा विषय काढलाच असेल. या ऑपरेशननंतर बायका गरोदर राहतात, बाळंत होतात. तेव्हाच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनचे कागद आधी दाखवायचे, बस. आत्यांना यापलीकडे उत्तर द्यायची गरज नाही.

तारखेपर्यंत थांबायचं नाही अशी एकच वेळ असते. लघवी तुंबली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर सकाळची वाट न बघता रात्रीच कॅज्युअल्टीत जायचं. मला फोन नंतर कर.

आता तयारीचं. पैशाचं आधी, कारण ते शेवटच्या दिवसावर टाकलं की घरात भांडणं होतात. तू शिकवतेस त्या शाळेची विम्याची पॉलिसी असेल तर तिच्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा किती ते वाच. मर्यादा पाच हजारांची आणि तू घेतलीस दहा हजारांची खोली, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, सर्जनची फी आणि थिएटरचे पैसेही त्याच प्रमाणात कापते. डिस्चार्जच्या दिवशी बिल पाहून लोकांचे डोळे पांढरे होतात ते इथे. पॉलिसी नवी असेल तर गादीच्या ऑपरेशनला बहुतेक कंपन्या दोन वर्षं थांबायला लावतात, तेही बघ. पॉलिसीत बसत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेट, भरती झाल्यावर नाही.

भूलतज्ज्ञ तपासतील तेव्हा काहीही लपवू नकोस. रक्त पातळ करणारी गोळी, दम्याचा पंप, वैद्यांचा काढा, जिममधल्या मैत्रिणीने दिलेली पावडर, सगळं सांग. मिश्री लावण्याची सवय घरात आहे म्हणून विचारते, तू लावत असशील तर आजपासून बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो आणि इन्फेक्शनची शक्यता वाढते. नखांवरचं पॉलिश काढ. बोटाला लावतात त्या चिमट्याला रक्तातला ऑक्सिजन वाचायचा असतो.

उपाशी राहण्याचा गोंधळ दरवेळी होतो. जेवणानंतर किमान सहा तास, तळकट खाल्लं असेल तर आठ, आणि साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुझ्या रुग्णालयाने जी वेळ सांगितली असेल ती अखेरची. पण दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो जेवणात धरतात. "अगं, घोटभर घे, दुपारपर्यंत काही मिळायचं नाही," असं म्हणत सकाळी सहाला पोरीला चहा पाजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मग पोरीचा नंबर संध्याकाळवर ढकलला जातो. आईला हा परिच्छेद वाचून दाखव.

घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे संडास. तुमच्याकडे उकिडवं बसायचा आहे. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, आणून ठेव. वेदनाशामक गोळ्यांनी पोट हमखास बांधलं जातं, आणि कुंथलं की टाक्यांवर आणि नसेवर दोन्हीकडे ताण येतो. इसबगोल, पाणी, पपई हे पहिल्या दिवसापासून, त्रास सुरू झाल्यावर नाही. न्हाणीतली ओली फरशी आणि पायात अडकणारं पायपुसणं उचलून टाक. रोज लागणारं सामान कमरेच्या उंचीवर आणून ठेव, म्हणजे पिठाच्या डब्यासाठी वाकावं लागणार नाही.

आणि उठण्याची सवय आत्तापासून कर. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण ऑपरेशननंतर गोळीच्या गुंगीत शिकणं कठीण जातं. पाठीवर झोप. दोन्ही गुडघे उभे कर. आता खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी कुशीवर वळव. आधी खांदा आणि मागून कंबर असं नाही, मधे पीळ पडतो. कुशीवर झाल्यावर पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोड, त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने पलंग रेटून धड उचल. पाय खाली जाताना त्यांच्या वजनानेच धड वर येतं, पोटाला आणि पाठीला जोर द्यावा लागत नाही. बसल्यावर क्षणभर थांब, चक्कर नाही ना ते बघ, मग उभी राहा. झोपताना हेच उलट. रोज सकाळी असंच ऊठ, आईलाही शिकव. तिने तुला काखेत हात घालून ओढायचं नाही, शेजारी नुसतं उभं राहायचं.

थिएटरमध्ये तुला पालथं झोपवतात आणि पोट मोकळं राहील अशा उशा खाली देतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. म्हणून शुद्धीवर आल्यावर हनुवटी, छाती, कपाळ दुखलं तर दचकू नकोस. घसा नळीमुळे खवखवेल. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुला उभं करतील, आणि तेव्हा तू मनात आम्हाला शिव्या देशील. सगळेच देतात. तरी उभी राहा. पडल्या पडल्या घोटे खालीवर हलवत राहा, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. लघवी होत नसेल तर लाजू नकोस, सिस्टरना लगेच सांग. दुखणं सहन करून दाखवण्यात काही मोठेपणा नाही. दुखल्यामुळे चालली नाहीस तर नुकसान तुझंच.

सुट्टी मिळाल्यावर गाडीत पुढच्या सीटवर, पाठ मागे झुकवून बस. रिक्षा नको, आपल्या गतिरोधकांवर तर नकोच.

घरी आल्यावर औषध एकच, चालणं. पहिल्या दिवशी घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. एकदम लांब नाही, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. सुरुवातीचे आठवडे एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. बसल्यावर गादीवर उभ्यापेक्षा जास्त दाब येतो, त्यामुळे दिवसभर खुर्चीत बसून मालिका बघणं ही विश्रांती नव्हे. वाकणं, उचलणं, कंबरेत पिळणं साधारण सहा आठवडे बंद. भरलेली बादली, भाचा, वह्यांचा गठ्ठा, तिन्ही दुसऱ्याने उचलायचं. पट्टा सर्जन सांगतील तेवढाच, तो कायमचा बांधून ठेवलास तर पाठीचे स्नायू आळशी होतात.

गावाकडून कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येणार, हे मी आजच लिहून देते. टाके निघेपर्यंत पाठीला तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. नंतरही कंबर "बसवून" देणाऱ्या माणसाकडे जायचं नाही, तो कितीही नावाजलेला असो. जखम लाल झाली, पू आला, ताप चढला, किंवा पट्टी पाण्यासारखी ओली होऊन उठून बसल्यावर डोकं ठणकायला लागलं, तर त्याच दिवशी सर्जनकडे.

बरं होण्याचा एक क्रम असतो. कळ आधी जाते, ताकद मागून येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून करंगळीपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोज, म्हणजे करंगळी महिनोन् महिने झोपलेली का राहू शकते ते कळेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या दिवशी पायात पुन्हा मुंग्या येतील आणि तुला वाटेल, संपलं सगळं. बहुतेकदा आदल्या दिवशी जास्त बसणं झालेलं असतं. दोन दिवस बसणं कमी करून बघ. कळ पहिल्यासारखी पोटरीत उतरली, किंवा चवडा आणखी लुळा पडला, तर मात्र दाखवायला जा.

शाळेत परत जाताना मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी मागून घे: वर्ग तळमजल्यावर, आणि टेकायला उंच स्टूल. पुढाकार तुलाच घ्यावा लागेल, बाहेरून तू धडधाकट दिसशील. स्कूटरचं सर्जनला विचार आणि ते सांगतील त्यात पंधरा दिवस माझे मिळव.

शनिवारी येशील तेव्हा एमआरआयच्या फिल्मही आण, नुसता रिपोर्ट नको. तुला पलंगावरून उठवून बघायचं आहे, सैल सलवार घालून ये. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी,
काकू