पाय कळत नाहीत, मग दुखतात कसे?

"मॅडम, टाचणी टोचली तरी कळत न्हाई. मग रात्री इस्तवावर पाय ठेवल्यागत आग कशी हुतीया? डोकं फिरलंय का माझं?"

मज्जारज्जूला इजा झालेली माणसं हा प्रश्न दबकतच विचारतात. हुपरीकडचा हा तरुण (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) चांदीच्या पैंजणांचं काम करायचा. उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि बेंबीखालचं अंग गेलं. भाऊ म्हणे, मनाचा खेळ. आई उलट खुशीत, आग होतेय म्हणजे पायांत जीव येतोय! मला आईची समजूत जास्त महाग वाटते. तिच्यापायी माणूस नुसता वाट बघत बसतो.

आग खरीच असते. पायांचे निरोप वर पोचत नाहीत, पण दुखावलेल्या नसा आपणहून भलतेच इशारे सोडतात आणि मेंदू ते पायांच्या खात्यावर मांडतो. मेडिकलमधल्या साध्या पेनकिलरनं यावर फारसं काही होत नाही. डॉक्टरांनी प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सुरू केलं तेव्हा धार कमी झाली. आग गेली नाही. बायको मायेनं गरम पाण्याची पिशवी ठेवायची, ती आधी बंद करायला लावली. चटका त्याला कळणार नव्हता.

मग वही घातली. झोप, बसणं, आग, एवढंच लिहायचं. वहीत दिसलं की बरं वाटेल त्या दिवशी हा दिवसभर पैंजणांवर बसतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात कण्हत काढतो. आता दुखण्यावर नाही, घड्याळावर थांबायचं ठरलं. वीस मिनिटांनी मोबाइल वाजला की हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. त्यानं बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमाही टळतात. डागकाम, म्हणजे तापवून सांधणं, भावाकडे, याच्याकडे कड्या जोडणं. "कड्या जोडताना आग लांब जाती," तो म्हणाला. लक्ष गुंतलं की असं होतं, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. हे भावाला मात्र दोनदा सांगावं लागलं.

एकदा आग एकाएकी दुप्पट झाली. 'सोसायला शिकलोय' म्हणून तो गप्प राहिला होता. निघाला लघवीचा संसर्ग. अचानक वाढलेली आग सोसायची नसते. लघवी, पोट, कातडी तपासून घ्यायची आणि डॉक्टर गाठायचे.

आग अजून आहे. झोप बरी लागते, थोडी कमाई सुरू झाली आहे. पाहुण्यांनी "पाय कधी चालणार?" विचारलं की मात्र तो ताटावरून उठतो, म्हणजे चाकाची खुर्ची मागे घेतो. सध्या आमचं बोलणं त्यावर चाललंय.