उद्योजकतेचे तास, संशोधन आणि स्वतःची कंपनी: प्राध्यापकांचे प्रश्न

प्रश्न: वर्गात ६० विद्यार्थी आहेत. दरवर्षी तेच प्रकल्प अहवाल नवं मुखपृष्ठ लावून येतात. गुण कशाला द्यावेत?

उत्तर: अहवालाला देऊच नका. चौघांचे १५ गट करा. प्रत्येक गटाने १० ग्राहकांना प्रत्यक्ष भेटावं. ‘आमची वस्तू घ्याल का?’ हा प्रश्न बाद, कारण भिडेखातर सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, किती पैसे गेले?’ असं विचारायला लावा. मुलं नातेवाइकांना गाठतात किंवा गूगल फॉर्म फिरवून मोकळी होतात. म्हणून १० पैकी निदान ८ जण अनोळखी हवेत आणि टिपणावर तारीख, ठिकाण हवं. शंभरातले ४० गुण या टिपणांना, ३० छोट्या विक्री-चाचणीला, २० त्यातून घेतलेल्या निर्णयाला, १० सादरीकरणाला. पुरावा पाहून कल्पना सोडणाऱ्या गटालाही निर्णयाचे पूर्ण गुण मिळालेच पाहिजेत. तसं झालं नाही, तर मुलं आकडे रचतात.

प्रश्न: पीएचडीसाठी विद्यार्थ्यांकडून ‘उद्योजक होण्याची इच्छा’ मोजणारी प्रश्नावली भरून घेतली, तर चालेल?

उत्तर: चालेल, पण इच्छा म्हणजे धंदा नव्हे, आणि अशा प्रबंधांची आधीच रास पडली आहे. त्यापेक्षा प्रत्यक्ष धंद्याची विदा (डेटा) वापरा. ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यासप्रकल्प १९९९ पासून देशोदेशी १८ ते ६४ वयाच्या किमान २,००० प्रौढांची पाहणी करतं. धंद्याची जुळवाजुळव करणारे आणि ४२ महिन्यांपर्यंतचे धंदे चालवणारे त्यात मोजले जातात. मूळ विदा तीन वर्षांनी सर्वांना खुली होते.

‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, वापरताना मात्र जपून. ती १ जुलै २०२० ला सुरू झाली आणि जुन्या उद्योगांनीही तिथे नव्याने नोंदणी केली. नोंदणीची तारीख हीच स्थापनेची तारीख धरली, तर वीस वर्षांचा कारखाना तुमच्या तक्त्यात नवजात ठरेल. दुसरी चूक याहून महाग पडते: आज चालू असलेल्याच उद्योजकांच्या मुलाखती घेऊन यशाची कारणं काढणं. बंद पडलेल्यांनीही तेच सगळं केलं असेल, तर निष्कर्षात उरलं काय? त्याऐवजी पाच-सात वर्षांपूर्वीच्या कंपनी नोंदणीची यादी घ्या, त्यातली प्रत्येक कंपनी शोधा आणि नोंदणीतून नावं काढून टाकलेल्या कंपन्यांचे संस्थापकही गाठा. वेळ लागतो, मार्गदर्शकांनी तो द्यायला हवा.

प्रश्न: नोकरी सांभाळून स्वतःची कंपनी काढता येते का?

उत्तर: २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणात वाव आहे: सत्रापुरती किंवा वर्षभराची रजा, आणि इन्क्युबेशनच्या, म्हणजे नव्या कंपनीला दिलेल्या जागा-सुविधा-मार्गदर्शनाच्या, मोबदल्यात संस्थेला कंपनीत साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा. पूर्ण पगार घेत असाल, तर तुमच्या समभागांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त संस्थेने घेऊ नयेत, तेही ९.५ टक्क्यांच्या आत. हे मार्गदर्शक धोरण आहे. आपल्या संस्थेने ते स्वीकारलं आहे का, ते आधी लेखी विचारा. संस्थेचे संशोधन साहाय्यक कंपनीच्या कामाला लावू नका. वाद बहुधा तिथेच पेटतात.

प्रश्न: विभागप्रमुख आहे, वेगळा निधी नाही. काय करू?

उत्तर: गटांसोबत बाजारात घालवलेले तास कार्यभारात धरा आणि प्रवासखर्च आगाऊ द्या.