संशय कोणावर, सहानुभूती कोणाला?

विवाहबाह्य संबंधांवरच्या थरारपटांत कोण दिसतं, कसं दिसतं, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नुकत्याच पाहिलेल्या एका थरारपटात नवरा, बायको, पोलीस सगळे गोरे. फक्त बायकोचा प्रियकर कृष्णवर्णीय, आणि खुनी निघाला तोच. मला खटकलं. मित्र म्हणतो, कोणीतरी खुनी असणारच ना!

उत्तर : असणारच. पण खुनी कोण यापेक्षा त्याला माणूस म्हणून किती जागा दिली आहे ते बघा. नवऱ्याला नोकरीची कटकट असते, कर्ज असतं; बायकोला बहीण असते, कंटाळा असतो. प्रियकराच्या खोलीत कॅमेरा शिरतो तेव्हा काय दिसतं? भिंतीभर तिचे चोरून काढलेले फोटो. आईचा फोन येत नाही, खुर्चीवर धुवायचे कपडे पडलेले नसतात. असं पात्र नुसतं संकट म्हणून लिहिलेलं असतं. त्यातून तो एकटाच वेगळ्या वर्णाचा असेल, तर प्रेक्षक पुराव्याची वाट बघत नाही. म्हणजे रहस्यही फुटलं. नीतीचं राहू द्या, थरारपट म्हणूनच हे कच्चं काम आहे.

खोड जुनी आहे. हॉलिवूडमध्ये 1934 पासून कडकपणे लागू झालेल्या हेज संहितेनुसार (पडद्यावर काय दाखवायचं नाही याची नियमावली) व्यभिचार आकर्षक दाखवायला मनाई होती, आणि गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध तर पडद्यावर आणायचेच नव्हते. 1968 मध्ये संहिता गेली, पण पापाचं माप कोणाच्या तरी पदरात घालायचंच, हा हिशेब मागे राहिला. ‘फेटल अट्रॅक्शन’ (1987) या चित्रपटाच्या मूळ शेवटात ॲलेक्स, म्हणजे नायकाची प्रेयसी, स्वतःचा जीव घेते आणि खुनाचा आळ डॅनवर, म्हणजे त्या विवाहित नायकावर येतो. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. मग शेवट नव्याने चित्रित झाला आणि त्यात डॅनची बायको ॲलेक्सला गोळी घालते. ॲलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता. भानगड केली दोघांनी, संसार वाचला एकाचा. तिथे सगळी मुख्य पात्रं गोरीच होती; ‘बाहेरची’ ठरायला तिचं एकटं असणं पुरलं. त्या जागी वेगळ्या वर्णाचा माणूस आणून बसवला, तर लेखकाचं काम आणखी सोपं होतं, एवढंच.

प्रश्न : माझ्या पटकथेतलं जोडपं निर्मात्याला आता कृष्णवर्णीय हवं आहे. कथा अमेरिकेतच घडते. तो म्हणतो, एक ओळही बदलायला नको.

उत्तर : संवाद राहू द्या, प्रसंग तपासा. ‘ऑब्सेस्ड’ (2009) मध्ये इद्रिस एल्बा आणि बियॉन्से हे सुखवस्तू कृष्णवर्णीय जोडपं आहे आणि नवऱ्याच्या मागे लागलेली सहकारी गोरी. वंशाबद्दल चित्रपट जवळजवळ चकार शब्द काढत नाही. एका परीने बरं वाटतं. प्रत्येक वेळी त्यांनीच वंशभेदाचा धडा का द्यावा? पण गोऱ्या बाईने काळ्या पुरुषाकडे बोट दाखवलं की पुढे काय होऊ शकतं, याचा अमेरिकेतला इतिहास रक्ताने भरलेला आहे. ती भीती आयती हाताशी असून वापरली नाही, हे मला लेखकाचं नुकसान वाटतं.

समजा, तुमचा नायक रात्री घरी येतो, शर्टाला रक्त लागलेलं आहे, आणि तो पोलिसांना फोन करतो. कृष्णवर्णीय नायक हे करेल? कदाचित आधी वकिलाला करेल. मधली ती वीस मिनिटं बायकोच्या लक्षात येतील, आणि तिचा संशय तिथेच पक्का होईल. भाषण एकही नाही, पण कथानक मात्र हललं. वर्ण बदलून कथेत काहीच हलत नसेल, तर निर्मात्याला पोस्टरपुरता बदल हवा आहे असं समजा.

प्रश्न : ऑस्करच्या नव्या नियमांमुळे आता ठरावीक कलाकार घ्यावेच लागतात का?

उत्तर : नाही. 2024 च्या सोहळ्यापासूनचे वैविध्याचे हे निकष फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराला आहेत. चारांपैकी दोन पूर्ण करायचे, आणि त्यांत पडद्यामागची माणसं, प्रशिक्षणाच्या संधी, प्रसिद्धी विभाग हेही मोजलं जातं. पडद्यावर एकही चेहरा न बदलता ते पार करता येतात. ओरड उगाच जास्त झाली.

प्रश्न : नवऱ्याचं प्रेमप्रकरण एका पुरुषाशी आहे, हा धक्का मी मध्यंतराला देणार आहे. कसा वाटतो?

उत्तर : शिळा. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ या थरारपटाचं चित्रीकरण 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चालू होतं, तेव्हाच समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी रस्त्यावर निदर्शनं केली होती, स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढली जाणारी स्त्री म्हणजे खुनी, असं समीकरण त्यांना मान्य नव्हतं. कडाडणाऱ्या संगीतावर दोन पुरुषांचं चुंबन दाखवाल, तर भ्यायचं कशाला हे तुम्हीच प्रेक्षकाला सांगताय. नातं पहिल्या दहा मिनिटांत कळू द्या. त्या दोघांना एकत्र जेवताना, कुरकुरताना दाखवा. मध्यंतरासाठी दुसरं काही राखून ठेवा, उदाहरणार्थ घराची तिसरी किल्ली कोणाकडे आहे ते.

प्रश्न : तपास करणारी इन्स्पेक्टर व्हीलचेअरवर असली तर चालेल?

उत्तर : चालेल की! फक्त ती व्हीलचेअरवर कशी आली हे सांगणारा फ्लॅशबॅक लिहिला असेल, तर तेवढा काढून टाका.