मिठागरातले जीव, पेजेतले मीठ : विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून जीवशास्त्राच्या गृहपाठाचे बरेच प्रश्न आले. त्यांतले चार येथे घेतले आहेत. मिठाशी संबंधित असलेल्या दोन प्रश्नांना मी मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण परासरणाची (पातळ द्रावणातले पाणी पेशीपटलातून दाट द्रावणाकडे जाण्याची) व्याख्या पाठ असूनही त्या प्रसंगी पेशी स्वतः काय करते, हे बहुतेक उत्तरांत येतच नाही.

प्रश्न : मिठामुळे सूक्ष्मजीवांतले पाणी बाहेर पडते व ते मरतात, म्हणून मिठात चेपलेली कैरी टिकते, असे मी गृहपाठात लिहिले. मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस मिठागरातल्या दाट पाण्याला येणारा गुलाबी रंग सूक्ष्मजीवांचा असतो, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. मग मिठात सूक्ष्मजीव मरतात की वाढतात? (एक विद्यार्थिनी, पेडणे)

उत्तर : आपले पहिले वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसाहून दाट, द्रावणात पेशीतले पाणी बाहेर जाते, रससंकोच होतो (पेशीतला रस आकसतो) आणि पदार्थ नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. सगळेच मरतात असे मात्र नाही. पुष्कळसे केवळ निष्क्रिय होऊन राहतात, आणि म्हणूनच कैरीच्या बरणीत ओला चमचा घातला की वरच्या थरातले मीठ पातळ होऊन बुरशी धरते.

आता आगरवाड्याच्या किंवा इतर कोणत्याही मिठागराचा विचार करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मानशीतून (बांधातल्या दारातून) आत घेतलेले खारे पाणी एका खणातून दुसऱ्या खणात आटत जाते आणि शेवटच्या खणात, जिथे मिठाचे दाणे बसू लागतात, तिथे त्याची दाटी साधारण दहापट झालेली असते. त्या पाण्यात दोन प्रकारचे जीव प्रामुख्याने तग धरतात, आणि दोघांची युक्ती वेगळी असल्यामुळे हा भाग गृहपाठात अवश्य यावा, असे मला वाटते.

पहिला जीव म्हणजे डुनालिएला सलायना हे एकपेशीय हिरवे शैवाल. ते मीठ आत येऊ देत नाही. त्याऐवजी पेशीत ग्लिसरॉल तयार करून साठवते, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या द्रावणाचा परासरण दाब सारखा राहतो आणि पाणी बाहेर ओढले जात नाही. तीव्र ऊन व क्षारता यांच्या ताणाखाली त्यात बीटा कॅरोटिन हे नारिंगी रंगद्रव्य इतके साठते की नावाने हिरवे असलेले हे शैवाल नारिंगी दिसू लागते. दुसरा जीव हॅलोबॅक्टेरियम आणि त्याचे भाऊबंद. हे पोटॅशियम क्लोराइड पेशीतच साठवतात, म्हणजे खारेपणाला खारेपणानेच तोंड देतात. एवढ्या क्षारात आपली प्रथिने गोळा होऊन निकामी झाली असती. यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर मात्र ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांचे ऋणभारित गट दाटीने असतात आणि ते पाण्याचे रेणू धरून ठेवतात. याची दुसरी बाजू अशी की मीठ कमी झाले की हीच प्रथिने उलगडतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मिठागराचे पाणी पातळ झाले की यांच्या असंख्य पेशी फुटून जातात. जे मिठाच्या स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म थेंबांत शिल्लक राहतात, ते पुढच्या हंगामासाठी उरतात. यांचा लालसर रंग बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा असून ते त्यांना प्रखर उन्हापासून वाचवते.

एक चूक मात्र टाळावी. हॅलोबॅक्टेरियमच्या नावात ‘बॅक्टेरियम’ असले तरी तो जिवाणू नाही, तो आर्किया या गटात मोडतो. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोममधील आरएनएची तुलना करून हा गट जिवाणूंपासून वेगळा काढला. नाव त्याआधीचे असल्यामुळे तसेच राहिले.

प्रश्न : माडाची सूर (माडाचा काढलेला रस) सकाळी गोड असते, दुपारी फेसाळते आणि पुढे आंबट होत होत तिचे व्हिनेगर बनते. या सगळ्या क्रियेला किण्वन म्हणावे का? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : पहिल्या टप्प्याला म्हणावे, कारण त्याला ऑक्सिजन लागत नाही. यीस्ट, आणि ताडवर्गीय झाडांच्या रसात आढळणारा झायमोमोनास हा जिवाणू, साखरेपासून इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. फेस त्या वायूचा. शेवटच्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टरसारखे जिवाणू इथेनॉलचे ॲसिटिक आम्ल करतात, पण त्यासाठी त्यांना हवेतला ऑक्सिजन लागतो. बोलताना त्यालाही किण्वन म्हटले जाते, तरी गृहपाठात ‘ऑक्सिडीकरण’ लिहावे आणि समीकरणात ऑक्सिजन दाखवायला विसरू नये.

प्रश्न : प्रयोगशाळेत काचपट्टीवरच्या चाचणीत माझा रक्तगट ओ आला. वडिलांचा एबी आहे, आईचा ओ. एबी गटाच्या पालकाचे मूल ओ गटाचे असू शकत नाही, असे पुस्तकात आहे. मी काय समजावे? (नाव न देण्याची विनंती, सत्तरी)

उत्तर : सर्वप्रथम, या एका चाचणीवरून घरातल्या कोणाविषयीही काहीही समजू नये, हे मी कळकळीने सांगतो. काचपट्टीवरची चाचणी शिकण्यासाठी आहे. अँटी-ए व अँटी-बी द्रव शीतपेटीबाहेर राहून क्षीण झाले असतील, रक्त आणि द्रव यांचे प्रमाण चुकले असेल, किंवा प्रतिजन (रक्तपेशीवरची गट ठरवणारी खूण) दुर्बळ असलेला उपगट असेल, तर गुठळ्या दिसत नाहीत आणि कोणताही गट ओ वाटू शकतो. रक्तपेढीत पेशी आणि रक्तद्रव अशा दोन्ही बाजूंनी गट तपासून घ्यावा.

तरीही गट ओ सारखाच आला, तर अनुवंशशास्त्रातले एक फार सुंदर उदाहरण आपल्यासमोर आहे. ए आणि बी हे प्रतिजन तयार होण्यासाठी आधी एच हा पायाभूत पदार्थ लागतो आणि तो बनवणारे जनुक वेगळ्या गुणसूत्रावर असते : एबीओ जनुक नवव्या, तर एचचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. ज्या व्यक्तीला दोन्ही पालकांकडून एचचे निष्क्रिय रूप मिळते, तिच्यात ए किंवा बी जनुक असूनही ते रक्तपेशींवर व्यक्त होत नाही. हा रक्तगट डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत प्रथम वर्णिला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. एबी आणि ओ गटाचे दोन्ही पालक एचबाबत विषमयुग्मी असतील (प्रत्येकाकडे एक सक्रिय व एक निष्क्रिय रूप असेल), तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ए ची शक्यता 3/8, बी ची 3/8 आणि ओ सारखा दिसणाऱ्या गटाची 1/4 येते. चौकट मांडून हे पडताळून पाहावे. हा गट दुर्मीळ आहे, तरी त्याची नोंद असणे महत्त्वाचे, कारण अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि तिला साधे ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही.

प्रश्न : जुलाब झाले की आजी उकड्या तांदळाची पातळ पेज मीठ घालून देते. आतड्यातील सोडियम-ग्लुकोज वहनावर टीप लिहायची आहे. पेजेचा त्याच्याशी संबंध जोडता येईल का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : निःसंशय जोडता येईल, आणि मी आपल्या जागी असतो तर टिपेची सुरुवातच पेजेपासून केली असती.

लहान आतड्याच्या अस्तरपेशींमध्ये एक वाहक प्रथिन असते, जे दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्रच आत घेते. ग्लुकोज नसेल तर या दारातून सोडियमही येत नाही. हा जोडवहनाचा विचार रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडला. आत आलेले सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून रक्ताकडे ढकलतो, आणि त्या क्षारामागोमाग पाणी शोषले जाते. पटकीसारख्या (कॉलरासारख्या) रोगात विषामुळे अस्तरपेशी क्लोराइड बाहेर सोडू लागतात व पाणी वाहून जाते, परंतु सोडियम-ग्लुकोजचे दार शाबूत राहते. तोंडाने दिलेले पाणी एरवी वाया जाते आणि साखर-मीठ मिसळलेले अंगी लागते, त्याचे कारण हेच. बांगलादेश युद्धाच्या काळात, 1971 मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा द्रावणावर हजारो पटकीग्रस्तांना जगवले.

पेजेत साखर कुठे आहे, असे परीक्षक विचारतील. ती पिष्टाच्या रूपात आहे. लाळेतील आणि स्वादुपिंडातील अमायलेज व आतड्याच्या अस्तरावरचे माल्टेज त्याचे ग्लुकोज करतात. इथे परासरणाचा एक बारकावा लक्षात घ्यावा : परासरण दाब रेणूंच्या संख्येवर ठरतो, वजनावर नव्हे. पिष्टाचे रेणू मोठे आणि म्हणून संख्येने थोडे असतात, त्यामुळे पेज आतड्यात पाणी ओढून घेत नाही, आणि ग्लुकोज मात्र सावकाश पुरवते. याउलट खूप गोड शीतपेय दिले तर तेच आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये ओआरएसची (जुलाबात तोंडाने द्यायच्या साखर-मिठाच्या द्रावणाची) एकूण परासारिता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, प्रतिलिटर 311 वरून 245 मिलिऑस्मोलपर्यंत खाली आणली, तीही याच विचाराने. त्यात ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही 75 मिलिमोल, म्हणजे समसमान आहेत.

टिपेत एवढेही लिहावे की घरच्या पेजेत मिठाचे प्रमाण अंदाजाने पडते आणि ओआरएसमध्ये असतात तेवढे पोटॅशियम व सायट्रेट तिच्यात नसतात. जुलाब थोडे असतील तर आजीची पेज योग्यच आहे. पण लहान मूल मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर ओआरएस लगेच सुरू करून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.