तळघरातला सांडपाण्याचा खड्डा आणि त्याची दुर्गंधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या कार्यालयाच्या तळघरात सांडपाण्याचा पंपाचा खड्डा आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी तिथे उभं राहवत नाही. सुगंधी फवारे लावून झाले. खड्डा लहान पडतोय का?

उलट आहे. तुमच्याकडे मैला फार वेळ पडून राहतो, आणि मोठ्या खड्ड्यात तो आणखी पडून राहील. साचलेल्या सांडपाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात. सडक्या अंड्याचा वास म्हणतात तो हाच. सुट्टीत पाणी पंप चालू होण्याच्या पातळीपर्यंत चढत नाही, म्हणून दोन दिवस तेच पाणी सडत बसतं. सकाळी एकदम फ्लश सुरू होतात. जेवढं पाणी आत येतं तेवढीच वर साठलेली हवा बाहेर ढकलली जाते. व्हेंटचा, म्हणजे खड्ड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपचा, मार्ग अपुरा असेल तर ती झाकणाच्या फटीतूनच निघणार.

आधी फ्लोट स्विच पाहा, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच. चालू होण्याची पातळी खाली आणा, पण पंप किमान जेवढा बुडलेला राहायला हवा आणि तासाला जितक्या वेळा सुरू झालेला चालतो, त्या निर्मात्याच्या मर्यादा सोडू नका. कंट्रोल पॅनलमध्ये टायमर असेल तर पातळी गाठली नसली तरी काही तासांनी पंप थोडा वेळ चालेल असं करा. सुट्टीच्या दुखण्यावर हा स्वस्त आणि चांगला इलाज आहे. खड्ड्याचा तळ सपाट असेल तर कोपऱ्यांत गाळ बसतो, म्हणून तळाला पंपाकडे उतार देऊन घ्या. येणारा पाइप उंचावरून पाणी आदळत असेल तर तो खाली वाढवा, कारण आदळण्यानेच विरघळलेला वायू सुटतो.

मग झाकण. नक्षीदार लोखंडी पत्रा नुसता ठेवलेला असतो, त्याने पाय पडायचा वाचतो, वायू नाही. रबरी गॅस्केट आणि बोल्ट असलेलं झाकण हवं. पंपाच्या केबल आणि फ्लोटच्या वायरी जिथून आत जातात ती भोकं तर बहुतेक वेळा उघडीच असतात. तिथे केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवतीची फट घट्ट बंद करणारं बूच, बसवा. गळती शोधायची असेल तर टिश्यू कागदाची पातळ पट्टी झाकणाच्या कडेला धरा आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी सलग फ्लश करायला सांगा. पट्टी जिथे फडफडेल तिथे फट आहे. काडेपेटी किंवा पेटती उदबत्ती नको, खड्ड्यात मिथेनही असू शकतो.

प्रश्न: झाकण पक्कं केलं, तरी तळघराच्या दुसऱ्या टोकाला वास येतोच.

जमिनीतल्या जाळ्या तपासा. जाळीखालच्या पाइपच्या वाकात (ट्रॅप) साठलेलं पाणी वायू अडवतं, पण जिथे क्वचित पाणी जातं तिथे ते काही आठवड्यांत उडून जातं. साधारण ५० मिलिमीटरचं ते पाणी गेलं की वाट मोकळी. बादलीभर पाणी ओता. वास थांबला तर कारण सापडलं, आणि मग ठरावीक दिवशी पाणी ओतायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा.

प्रश्न: व्हेंट पाइप आहे, पण वास आता तिसऱ्या मजल्यावरच्या एसीतून येतो.

म्हणजे व्हेंटचं तोंड चुकीच्या जागी उघडतंय. ते छताच्या वर, खिडक्यांपासून आणि ताजी हवा आत घेणाऱ्या जाळ्यांपासून लांब हवं. पार्किंगमध्ये किंवा डक्टमध्ये सोडलेला व्हेंट म्हणजे वास एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेणं. वाटेत पाइप आडवा जात असेल तर तो मध्येच खाली झुकलेला नाही ना तेही बघा. तिथे वाफेचं पाणी साचतं आणि व्हेंट बंद पडतो. छतापर्यंत नेणं शक्यच नसेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा (वायू शोषून घेणाऱ्या कोळशाचा) फिल्टर चालतो, पण कार्बन ओला झाला की निकामी होतो आणि भरला की बदलावाच लागतो. तसंच, तळघराचा एक्झॉस्ट जोरात असून आत येणारी हवा कमी असेल तर पंखाच वायू खड्ड्यातून ओढतो.

प्रश्न: आमचा सफाई कर्मचारी आत उतरून गाळ काढतो. फिनेल, ब्लीचिंग पावडर, ॲसिड यांपैकी आधी काय टाकावं?

कृपया त्याला आजच थांबवा. ॲसिड टाकलंत तर पाण्यातला सल्फाइड वायू होऊन उफाळतो. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. गाळ हलवला तरी त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर येतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो तळाशीच साठतो. अगदी थोड्या प्रमाणात नाकाला कळतो, पण सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) काही मिनिटांत वास येणंच बंद होतं. "आता वास कमी झाला" असं खालच्या माणसाने म्हणणं ही धोक्याची सूचना असू शकते. ५०० ते ७०० पीपीएमच्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपते, आणि मग वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

गाळ वरूनच व्हॅक्यूम टँकरने उपसा. आत उतरल्याशिवाय मार्गच नसेल तर ते प्रशिक्षित पथकाचं काम: आधी वायुमापक, सतत हवा, अंगावर हार्नेस आणि वर ट्रायपॉड, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली किंवा सल्फाइड १० पीपीएमच्या वर असेल तर पाय आत टाकायचा नाही.

रसायन लागलंच तर कॅल्शियम नायट्रेट आहे. जिवाणू सल्फेटऐवजी नायट्रेट वापरतात, सल्फाइड बनत नाही. पण त्याची मात्रा मोजून घालावी लागते, आणि फ्लोटची पातळी दुरुस्त न करता त्यावर पैसे घालवू नका. कँटीनचं पाणी येत असेल तर आधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे पाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी, साफ करा. तवंगाचा थर खड्ड्यावर जमला की फ्लोटही अडकतो.

प्रश्न: वास फारसा जाणवत नाही, पण शेजारच्या पॅनलमधल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्यात. संबंध आहे का?

बहुधा आहे. हायड्रोजन सल्फाइडने तांबं आणि चांदी काळी पडतात, आणि रिलेचे (पॅनलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क त्यानेच खराब होतात. तांब्याची घासून चकचकीत केलेली एक पट्टी पॅनलजवळ आणि दुसरी दूरच्या स्वच्छ खोलीत काही आठवडे टांगून तुलना करा. पॅनलजवळची आधी काळवंडली तर केबलच्या नळ्या तपासा: खड्ड्यापासून पॅनलपर्यंत गेलेली नळी दोन्ही टोकांना बंद केलेली नसेल तर वायू तिच्यातूनच येतो.