एमबीबीएसला असताना रिसर्च करावा का? नीट-पीजीला तर त्याचा एक मार्क मिळत नाही

मार्क मिळत नाही हे खरंय भाऊ, आणि फक्त सीव्हीसाठी करायचा असेल तर नकाच करू. मी धुळ्याकडचा, मेडिसिनला एमडी केलं, आता शिरपूरला प्रॅक्टिस करतो, म्हणून जरा मोकळं बोलतो.

पीजीला थिसिस कंपल्सरी आहे, आणि सीनियरचा थिसिस घ्यायचा, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, बायंडिंग करून द्यायचा, हे सर्रास चालतं. प्रमोशनला पेपर लागतात म्हणून पैसे भरून कुठल्याही जर्नलला छापून आणणारे पण आहेत. असल्या रिसर्चपेक्षा रद्दी बरी, तिला किलोवर भाव तरी मिळतो.

पण डॉ. हिंमतराव बावस्कर बघा ना. कोकणात विंचू चावून लेकरं मरायची, हे पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, ना आयसीयू ना लॅब. पेशंटजवळ बसून घाम, बीपी, हातपाय कधी गार पडले, सगळं लिहून ठेवत गेले आणि १९८२ ला ते लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मग प्राझोसिन, म्हणजे बीपीची साधी स्वस्त गोळी, वापरली आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू १ टक्क्यावर आले. तरी तेवढ्यावर थांबले नाहीत, नुसतं प्राझोसिन की सोबत अँटीव्हेनम (विष उतरवायचं इंजेक्शन), याची ट्रायल केली, ती २०११ ला बीएमजे या दुसऱ्या मोठ्या जर्नलमध्ये आली.

आणि आपल्याकडे विषय काय कमी आहेत का भो? नंदुरबारकडे धडगाव, अक्कलकुवा साइडला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, किती आहे. त्यावर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू करतो आपण, त्याला मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मग गोळ्या तिकडे चालू राहतात का, की संपल्या की बंद, आणि परत आल्यावर पोराला दुखण्याचे अटॅक किती आले? हे मोजायला मशीन लागत नाही, वही लागते आणि पावरी-भिली बोलणारी आशाताई सोबत लागते.

रोजच्या ओपीडीत पण उपयोग होतो. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, येऊन ग्राफ दाखवतो, "सर, रिस्क ५० टक्के कमी". विचारायचं, कितीवरून किती? शंभरात २ वरून १ असेल तर फायदा एकाला झाला, आणि गोळीचे पैसे शंभर जणांनी भरले. स्वतः एकदा डेटा गोळा केलेला असला की हा प्रश्न आपोआप तोंडात येतो, नुसतं एमसीक्यू सोडवून मला तरी तो कधी सुचला नव्हता.

सुरुवात करायची तर आयसीएमआरची (सरकारी मेडिकल रिसर्च संस्था) एसटीएस ही विद्यार्थ्यांची रिसर्च स्कीम बघा, एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठीच आहे, दोन महिन्यांचं काम, स्टायपेंड पण मिळतो. गाईड असा धरा जो स्वतः वॉर्डात दिसतो, नुसतं पेपरवर पहिलं नाव टाकणारा नको. आणि रिसर्चला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा अर्ज आधी टाका, मिटिंग लवकर लागत नाही, तोवर दिवाळी होऊन जाते आणि मग पेशंट शोधायला गावात गेलात तर घरांना कुलपं.