माळ्यावरची पेटी

प्रश्न: ताई, तुर्भ्याच्या ऑफिसातली माझी मैत्रीण महिनाअखेरीस निवृत्त होतेय. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून आम्ही दोघी ठाण्याहून एकाच डब्यातून जातो. २६ जुलै २००५ च्या पावसात गाड्या बंद पडल्या, ती रात्र ऑफिसातच काढली. तिच्या डब्यात एकच पोळी उरली होती, त्यातली अर्धी तिनं मला दिली. आता सगळ्या पाचशे-पाचशे काढून चांदीचं निरांजन देणार आहेत. मला वेगळं काही द्यावंसं वाटतं. गाडीत भजन सुरू झालं की तिची बोटं पर्सवर पेटी वाजवल्यासारखी फिरतात. तिच्या वडिलांची पेटी माळ्यावर बांधून ठेवलेली आहे. गुपचूप दुरुस्त करून दिली तर? की चारचौघींत ते हलकं दिसेल?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: पेटीच दुरुस्त करून द्या. निरांजनाचे पाचशेही भरा आणि निरोप समारंभाला सगळ्यांबरोबर उभ्या राहा. पेटीचं मात्र तिच्या घरी, दोघीच असताना बोला. म्हणजे चारचौघींचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या घरोघरी आहेराची वही असते. लग्नकार्यात ती हवीच. कुणी किती घातले ते बघूनच पुढचं देणंघेणं ठरतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मैत्रिणीसाठी ती वही उघडायची नसते. तुम्ही इतकी वर्षं तिची बोटं बघितलीत. तिच्या घरच्यांच्या तरी ती लक्षात आली असतील का, मला शंका आहे.

मागे माझं मनगट मोडलं होतं, तेव्हा भेटायला येणारे फळं आणत. माझी नौपाड्यातली मैत्रीण जांभळी नाक्यावरून केळफूल घेऊन आली. मला ती भाजी किती आवडते आणि एका हातानं ते साफ करणं शक्य नाही, हे तिला ठाऊक होतं. हाताला तेल लावून माझ्यासमोर बसली. एकेका फुलातली ताठ काडी आणि पातळ पापुद्रा काढत, चिरून ताकाच्या पाण्यात घालून गेली. तेल लावूनही बोटांची टोकं काळी झाली होती. फळं कुणी आणली होती ते आज आठवत नाही.

एका बाबतीत मात्र तुम्हाला अडवते. गुपचूप काही करू नका. पेटी तिच्या वडिलांची आहे. पट्ट्यांवर त्यांच्या हातचे काही डाग असतील, आत एखादी चिठ्ठी असेल. ती कुणी उघडावी, हे तिनं ठरवायचं. सरळ सांगा, ‘पेटी माझ्याकडे दे, मी दुरुस्त करून आणते.’ ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

हो म्हणाली, तर दुकानात जाताना तिलाही न्या. इतकी वर्षं बांधून ठेवलेल्या पेटीचा भाता बहुधा हवा सोडत असतो. आपल्या दमट हवेत लाकडी पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सुरांवर धूळ नि गंज बसतो, काही सूर उतरतात. भाता बदलणं, सूर साफ करणं, मग सगळे सूर जुळवणं, या कामाला वेळ लागतो. त्यामुळे महिनाअखेरची घाई करू नका. निवृत्तीनंतर मिळाली तरी चालेल. जुनी पॉलिश काढू का, पट्ट्या नव्या बसवू का, असं दुकानदार विचारेल. उत्तर तिला देऊ द्या. पैसे तुम्ही द्या आणि आकडा तिच्या कानावर जाऊ देऊ नका, नाहीतर ती परतफेडीच्या मागे लागेल.

क्लासची फी परस्पर भरू नका. वाजवायचं की नाही, कधी, कुणासमोर, ते तिचं ती बघेल.

सोबत चार ओळी स्वतःच्या हातानं लिहा. ‘निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा’ निरांजनाच्या डब्यावर असतीलच. तुम्ही त्या अर्ध्या पोळीचं लिहा. आणि तिच्या यजमानांना आधीच सांगून ठेवा, पेटीला खाली जागा करायची आहे. ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको, खिडकीखालीही नको. पावसाळ्यात वर कोरडं सुती कापड असू दे.